ड्रममध्ये ग्रीस आलं कुठून, हे आधी शोधा

वाचकाचं पत्र: दोन अ‍ॅक्सलचा आणि चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ट्रेलर मी वापरलेला विकत घेतला. माझ्याकडे येण्याआधी तो दोनेक वर्षं नुसता उभा होता. विकणाऱ्याने ‘हबमध्ये गनने भरपूर ग्रीस मारून दिलंय’ असं सांगितलं होतं. पहिल्याच लांबच्या फेरीत ब्रेक लावला की ट्रेलर डावीकडे ओढायला लागला. थांबून पाहिलं तर उजवीकडच्या मागच्या चाकाचा हब हात टेकवता येणार नाही इतका तापलेला होता. घरी आल्यावर ते चाक काढून ड्रम उघडला, तर आत सगळीकडे ग्रीस. वर्कशॉपवाले म्हणतात, चारही चाकांचे ब्रेक आणि बेअरिंग सरसकट बदला. शू पेट्रोलने धुऊन परत बसवले तर चालणार नाही का? बेअरिंग चारही चाकांची बदलावी लागतील का? आणि हे काम मी स्वतः करू शकतो का? हत्यारं वापरायची सवय आहे, पण ब्रेकला कधी हात लावलेला नाही.

उत्तर:

नमस्कार.

शू धुऊन परत बसवू नका. बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी हे सांगून टाकतो, कारण चाक उघडं असलं आणि पेट्रोल हाताशी असलं की मोह होतो. शूवरचं लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणारा थर, सच्छिद्र असतं आणि ग्रीस त्यात मुरतं. धुतल्यावर ते वरून कोरडं दिसतं, पण पहिल्या लांब उतारावर तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. असा शू कधी घसरतो, तर कधी एकदम धरतो. दोन्ही वेळा पलीकडच्या चाकाशी त्याचा मेळ राहत नाही. ग्रीस लागलेले शू टाकून द्या आणि त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या चाकाचे शूही सोबत बदला, म्हणजे दोन्ही बाजूंची पकड सारखी राहील.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. उजव्या मागच्या चाकाच्या शूवर ग्रीस होतं, म्हणजे ते चाक ब्रेकचं काम सगळ्यांत कमी करत होतं. म्हणूनच ट्रेलर डावीकडे ओढला. कमी काम करणारा ब्रेक कमी तापायला हवा, पण तुमच्याकडे नेमका तोच हब सगळ्यांत जास्त तापला. तेव्हा ती उष्णता ब्रेकची नसून बेअरिंगची असावी, असा माझा दाट संशय आहे. नुसते नवे शू घालून तुम्ही निघालात, तर ग्रीस पुन्हा येईल आणि नवे शूही वाया जातील. त्याहून वाईट म्हणजे, बेअरिंग जाम होऊन चाकच निखळू शकतं.

ग्रीस ड्रममध्ये यायच्या वाटा दोन. पहिली वाट ग्रीसगनची. काही ट्रेलरना स्पिंडलच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या ज्या दांड्यावर हब फिरतो त्याच्या, टोकाला ग्रीस भरायचं निप्पल असतं. तिथून मारलेलं ग्रीस स्पिंडलच्या आतल्या छिद्रातून मागच्या बेअरिंगपर्यंत जातं आणि मग हबमधून पुढे बाहेर येतं. चाक उचलून, हाताने फिरवत, हातगनने सावकाश मारलं तर ही सोय चांगली आहे. चाक जागेवर ठेवून जोराने दाबलं, तर ग्रीस पुढे यायच्या ऐवजी हबच्या मागचं, ग्रीस आत अडवणारं सील ढकलून थेट ब्रेकमध्ये उतरतं. ‘भरपूर मारून दिलंय’ हे वाक्य वाचताना मला हीच शंका आली. दुसरी वाट बेअरिंगच्या तापण्याची. बेअरिंग फार घट्ट बसवलेलं असेल किंवा खराब झालेलं असेल, तर ते तापतं, ग्रीस पातळ होतं आणि उभं राहून राहून कडक झालेल्या सीलच्या ओठातून बाहेर पाझरतं.

या दोन्हींतली कोणती, ते ड्रममधलं ग्रीस बोटावर घेऊन पाहा. स्वच्छ, मूळ रंगाचं आणि गुळगुळीत असेल आणि हबची पोकळीही गच्च भरलेली असेल, तर दोष गनचा. काळपट, पातळ, करपल्यासारखा वास येणारं असेल तर दोष बेअरिंगचा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. चकाकणारे बारीक कण दिसले तर बेअरिंगचे रोलर किंवा ते ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी, म्हणजे कप, झिजून त्याची कीस ग्रीसमध्ये मिसळली आहे. अशा वेळी त्या हबचं एकही बेअरिंग परत वापरायचं नाही. तुमच्या चाकात दोन्ही कारणं एकत्र सापडली तरी मला नवल वाटणार नाही.

वर्कशॉपच्या सल्ल्याबद्दल माझं मत असं, की चारही चाकं उघडणं बरोबर, पण न बघता सगळं बदलणं गरजेचं नाही. दोन वर्षं उभ्या असलेल्या ट्रेलरच्या एका हबची ही अवस्था असेल, तर बाकीचे तीन तपासल्याशिवाय रस्त्यावर न्यायचे नाहीत. उघडल्यावर चारही सील नवी घालायची, ती जुनी परत वापरायचीच नाहीत. बेअरिंग आणि ब्रेकचं मात्र प्रत्येक चाक बघून ठरवा.

काम तुम्ही स्वतः करू शकता. जॅक, भक्कम स्टँड, चाकाखाली लावायचे ठोकळे, टॉर्क पाना, मल्टिमीटर आणि सील सरळ ठोकायला एक लाकडाचा ठोकळा, एवढं हवं. ट्रेलर उचलताना जॅक आणि स्टँड चासीखाली लावा, अ‍ॅक्सलच्या नळीखाली नको, ती वाकते. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे जाते हे बघायला दुसरं चाक तयार राहतं. फक्त पलीकडच्या बाजूची रचना आरशातल्यासारखी उलटी असते, हे ध्यानात ठेवा. ब्रेकची धूळ हवेने फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा आणि तोंडाला मास्क लावा.

आधी बेअरिंग. प्रत्येक हबमध्ये बाहेरचं आणि आतलं अशी दोन टेपर बेअरिंग असतात आणि त्यांचे कप हबमध्ये ठोकून बसवलेले असतात. सगळं रॉकेलने स्वच्छ धुवा. सुकवताना हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरवू नका. रोलर सुटून गोळीसारखे उडतात. मग उजेडात धरून एकेक रोलर फिरवत बघा. पृष्ठभाग आरशासारखा हवा. निळसर किंवा तपकिरी झाक दिसली तर ते तापलेलं आहे. खड्डे किंवा सुटलेले पापुद्रे दिसले तर ते संपलेलं आहे. उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये आणखी एक खूण हमखास सापडते, ती कपात बघा. रोलर जिथे जिथे टेकून राहिले तिथे तितक्याच अंतरावर गंजाच्या बारीक आडव्या रेघा उमटतात. त्यांवरून नख फिरवा. नख अडखळलं तर बेअरिंग आणि कप दोन्ही बदला. जुन्या कपात नवं बेअरिंग कधीच घालू नका. जे चांगलं निघेल ते पुन्हा त्याच कपात गेलं पाहिजे, म्हणून धुताना सरमिसळ होऊ देऊ नका. नवं घेताना बेअरिंगवर आणि कपावर कोरलेले नंबर लिहून न्या. नुसत्या अ‍ॅक्सलच्या वजनक्षमतेवरून मागितलं तर चुकीचा माल हाती येऊ शकतो.

जुना कप काढायला हबच्या विरुद्ध बाजूने पितळी पंच लावून समोरासमोर आळीपाळीने ठोका, म्हणजे तो तिरका अडकत नाही. नवा कप ठोकताना जुना कप त्याच्यावर उलटा ठेवून वापरता येतो. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा जाऊन टणक होतो. तो आवाज आल्याशिवाय थांबू नका. कप हबमध्ये सैल फिरत असेल तर नवा कप घालून भागणार नाही, हब बदला. स्पिंडल निळा पडलेला असेल किंवा त्यावर खोल चरे असतील, तर तिथे तुमचं काम संपलं. तो अ‍ॅक्सलचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या, कारण तापून निळ्या पडलेल्या पोलादाची मूळची ताकद राहिलेली नसते. किरकोळ ओरखडे असतील तर बारीक पॉलिशपेपरने साफ करा, विशेषतः सीलचा ओठ जिथे घासतो ती जागा. ती जागा खरबरीत राहिली तर नवं सील लवकर फाटेल.

ग्रीस भरायला मशिन लागत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत ओढत राहा, जोवर दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीस दाण्यादाण्याने वर येत नाही तोवर. मग थोडं फिरवून पुन्हा. पूर्ण फेरी झाली पाहिजे. व्हील बेअरिंगसाठीचं लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरच्या घट्टपणाचं ग्रीस बहुतेक ठिकाणी योग्य. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहतात, म्हणून जुनं पूर्ण काढल्याशिवाय नवं घालू नका. आतलं बेअरिंग हबमध्ये ठेवून मगच सील बसवा. त्याचा ओठ बेअरिंगकडे हवा, ओठाला ग्रीसचं बोट लावा आणि लाकडाचा ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोका. तिरकं बसलेलं सील पहिल्या दिवसापासून गळतं.

नट घट्ट करणं ही या कामातली सगळ्यांत नाजूक पायरी. दुचाकीच्या साध्या हबमध्ये जसा नट आवळून तसाच ठेवतात, तसं इथे करायचं नाही. ड्रम हाताने फिरवत राहा आणि नट साधारण ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर आणि कप एकमेकांत नीट बसतात. मग ड्रम न फिरवता नट पूर्ण सैल करा. आता पाना बाजूला ठेवा आणि नुसत्या बोटांनी नट टेकेपर्यंत फिरवा, बस्स. नट जागेवर अडवून धरणाऱ्या कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत सैल बाजूला न्या, घट्ट बाजूला नको. पिन नेहमी नवी घाला आणि तिची टोकं वाकवा. यानंतर ड्रम वर आणि खाली धरून हलवून बघा. जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका प्ले, म्हणजे हलण्याची मोकळीक, हवा. काहीच प्ले नसेल तर बेअरिंग दाबाखाली आहे आणि ते तापणार. ‘चाक हलता कामा नये’ म्हणून नट पान्याने आवळलेले हब तापून खराब होतात, आणि तुमच्या हबच्या बाबतीतही तसं झालं असण्याची शक्यता आहे. म्हणून बाकीची तीन चाकं उघडतानाच पिन काढून बघा, नट बोटांनी सुटतो की पाना लावावा लागतो. काही अ‍ॅक्सलना सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग असतात. त्यांची रीत पूर्ण वेगळी असते आणि त्यांत ग्रीसही भरायचं नसतं, तेव्हा तुमच्याकडे कोणती आहेत ते आधी खात्री करून घ्या.

आता ब्रेक. गाडीत बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरकडून करंट आला की ब्रेकमधला मॅग्नेट फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो आणि त्याच्यासोबत थोडा ओढला जातो. त्याने लिव्हर हलतो, लिव्हर पुढच्या शूला दाबतो आणि पुढचा शू खालच्या अ‍ॅडजस्टरमार्फत मागच्याला दाबतो. त्यामुळे मॅग्नेटचं तोंड आणि ड्रमचं ते सपाट तोंड, दोन्ही लायनिंगइतकीच महत्त्वाची. लायनिंग दीड मिलिमीटरपर्यंत उतरलं असेल तर ते बदला. मॅग्नेटच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा. मधे फट दिसली, एका बाजूने जास्त झीज दिसली किंवा आतली कॉइल उघडी पडली, तर तो गेला. मॅग्नेटही अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. तोंडाला नुसतं ग्रीस लागलेलं असेल तर मात्र ते ब्रेक क्लीनरने पुसून चालतं, कारण धातूत ते मुरत नाही. ड्रमही तसाच स्वच्छ करून वापरता येतो, खोल चरे आणि तडे नसतील तर.

नवे शू बसवताना आखूड लायनिंगचा पुढे आणि लांब लायनिंगचा मागे. हे उलटं बसलं की सगळं नवं असूनही ब्रेक मऊ लागतो. मागची प्लेट जिथे शूला टेकते त्या उंचवट्यांवर जास्त तापमानाच्या ब्रेक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. स्प्रिंगा गंजल्या असतील, लिव्हरच्या बुशमध्ये ढिलेपणा असेल, अ‍ॅडजस्टर हाताने फिरत नसेल, तर एकेक भाग शोधत बसू नका. शू, मॅग्नेट आणि स्प्रिंगांसह तयार ब्रेक प्लेट मिळते. चार किंवा पाच बोल्ट आणि दोन वायरी, एवढ्यात ती बसते. तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी मी हेच करेन. डावी आणि उजवी प्लेट वेगळी असते, ती अदलाबदल करू नका.

बसवल्यावर अ‍ॅडजस्ट करा. मागच्या प्लेटच्या खाचेतलं रबराचं बूच काढा, स्क्रूड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरचं दात्याचं चाक फिरवा आणि चाक हाताने फिरवणं जड जाईपर्यंत शू पसरवा. मग चाक मोकळं फिरून लायनिंग किंचित घासल्याचा आवाज येईल, तिथपर्यंत उलट सोडा. ३०० किलोमीटरनंतर हे पुन्हा करा आणि पुढे दर ५,००० किलोमीटरला. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारे ब्रेक असतील तर ही कटकट नाही.

वायरिंगकडे लोक सगळ्यांत शेवटी बघतात, पण सगळा ट्रेलर मऊ ब्रेक मारत असेल तर दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. १० आणि १२ इंचाच्या ब्रेकच्या मॅग्नेटचा रोध साधारण ३.२ ओहम असतो. मल्टिमीटरने प्रत्येक मॅग्नेटच्या दोन वायरींमध्ये मोजा, आणि एक वायर आणि मॅग्नेटचं अंग यांतही मोजून शॉर्ट नाही ना ते बघा. पूर्ण ब्रेक लावला की प्रत्येक मॅग्नेट सुमारे ३ अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे चार चाकांना १२. मीटर ९ दाखवत असेल तर एक चाक काम करत नाही. इंजिन चालू ठेवून, ब्रेक लावून, चाकापाशी व्होल्टेज मोजा. गाडीकडे १३ आणि चाकापाशी १० असेल, तर मधली वायर किंवा जोड बाकीचं खातोय. खराब अर्थिंग, गंजलेला प्लग आणि पिळून टेप लावलेले जोड, हे नेहमीचे संशयित. अ‍ॅक्सलच्या नळीतून पलीकडच्या चाकाला जाणारी वायर ओढून बघा. वर्षानुवर्षं हादऱ्याने घासून तिचं आवरण फाटतं आणि ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही. फाटलेली असेल तर नवी जाड वायर नळीच्या बाहेरून, नीट बांधून न्या.

चाक चढवल्यावर नट समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळा आणि साधारण १५, ४० आणि ८० किलोमीटरला थांबून पुन्हा तपासा. नवे शू ड्रमशी जुळवायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ६५ वरून ३० पर्यंत असे वीस ते तीस ब्रेक, मधे थंड होऊ देत लावावे लागतात. तोवर पकड कमीच असते, म्हणून आधी पूर्ण वजन भरू नका. कंट्रोलरची सेटिंग यानंतर करा. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी ४० ला नुसता ट्रेलरचा ब्रेक लावून, चाकं लॉक व्हायच्या किंचित अलीकडे थांबा. थांबलात की चारही हबना हात लावून एकमेकांशी तुलना करा. चारही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच वेगळा निघाला तर पुढे न जाता तो तपासा.

बेअरिंगची ही धुणं-भरणं दर १२ महिन्यांनी किंवा २०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा. ट्रेलर पाण्यात उतरत असेल तर त्याहून बराच लवकर. उभा ठेवायचा असेल तरी अधूनमधून चाकं फिरवत जा. आणि जुन्यांतून चांगली निघालेली बेअरिंग टाकू नका. कपासह असलेला एक संच, ग्रीस भरून पिशवीत घालून, सील आणि कॉटर पिनसह ट्रेलरच्या पेटीत ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण वापरलेला ट्रेलर आहे म्हणून सांगतो. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारं स्विच आणि त्याची छोटी बॅटरी तपासा. गाडीचा प्लग आधी काढा, नाहीतर कंट्रोलर जळू शकतो. मग स्विचची पिन ओढा आणि चाक फिरवून बघा, चारही घट्ट धरली पाहिजेत. पिन लगेच परत घाला, ओढून ठेवली तर बॅटरी उतरते आणि मॅग्नेट तापतात. दोन वर्षं चार्ज न केलेली बॅटरी बहुधा गेलेलीच असेल, तेव्हा ती नवीच घाला.